बुडालेल्या ब्रिटिश वाफेच्या ट्रॉलर नौका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटनच्या बंदरांतून वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या ट्रॉलर नौका उत्तर समुद्र, आइसलँड, नॉर्वेचा उत्तर किनारा, बेअर बेट आणि श्वेत समुद्र येथे मासेमारीसाठी जात असत. वादळ, बर्फ, खडक, टक्कर, सुरुंग आणि युद्ध या कारणांनी त्यांपैकी शेकडो नौका नष्ट झाल्या. हल, ग्रिम्सबी, फ्लीटवुड आणि ॲबर्डीन ही या व्यवसायाची प्रमुख केंद्रे होती. एकट्या हल बंदराने सुमारे ६,००० मच्छीमार समुद्रात गमावले, असे सामान्यतः मानले जाते. अनेक नौका कोणीही साक्षीदार नसताना बुडाल्या. त्यामुळे त्यांचा इतिहास मुख्यतः शेवटचे बिनतारी संदेश, चौकशी अहवाल आणि खलाशांच्या नोंदवह्या यांच्या आधारे लिहिला गेला आहे. या नौकांवरील सुरक्षिततेत झालेल्या बहुतेक सुधारणा एखाद्या मोठ्या दुर्घटनेनंतरच झाल्या, हे या इतिहासाचे ठळक वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

ट्रॉलर म्हणजे पिशवीच्या आकाराचे मोठे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेणारी नौका. वाफेचे इंजिन येण्यापूर्वी हे काम शिडाच्या नौका करीत. शिडाची नौका वाऱ्यावर अवलंबून असल्याने वारा पडला की जाळे ओढता येत नसे आणि पकडलेला मासा बंदरात वेळेवर पोहोचेल याची शाश्वती नसे. १८७७ मध्ये टाइन नदीवरील विल्यम पर्डी याने 'मेसेंजर' या चाकांच्या वाफेच्या टग बोटीला जाळे लावून मासेमारी केली. खास ट्रॉलिंगसाठी बांधलेली 'झोडियॅक' ही वाफेची नौका १८८१ मध्ये ग्रिम्सबीसाठी हल येथील गोदीत तयार झाली. १८९० च्या दशकात जाळ्याचे तोंड उघडे ठेवण्यासाठी लाकडी तुळईऐवजी पाण्याच्या दाबाने परस्परांपासून दूर जाणाऱ्या दोन जड फळ्या वापरात आल्या. त्यामुळे जाळे मोठे करता आले आणि अधिक खोल पाण्यात मासेमारी शक्य झाली.

उत्तर समुद्रातील मासे कमी होऊ लागल्यावर याच दशकात नौका आइसलँडकडे वळल्या. हलपासून आइसलँडच्या किनाऱ्यापर्यंत जाण्यास काही दिवस लागत आणि संपूर्ण फेरी साधारण तीन आठवड्यांची असे. कॉड आणि हॅडॉक हे मासे हिवाळ्यातही तेथे विपुल मिळत. मात्र त्या ऋतूत त्या अक्षांशावर दिवसाचा उजेड काही तासच असतो आणि वादळे एकामागून एक येतात.

कामाचे स्वरूप

ट्रॉलरवर साधारण वीस माणसे असत. त्यांत कप्तान (कोकणातील मच्छीमारांच्या भाषेत तांडेल), त्याचा दुय्यम अधिकारी, इंजिनचालक, भट्टीवाले, स्वयंपाकी, डेकवरील खलाशी आणि शिकाऊ पोरे यांचा समावेश होता. जाळे नौकेच्या बाजूने वर घेतले जाई. त्यामुळे खलाशांना उघड्या डेकवर, अनेकदा गुडघाभर पाण्यात उभे राहून मासे साफ करावे लागत. मासे मिळत असताना अठरा तासांहून अधिक काळ सलग काम चाले.

कप्तानाचे उत्पन्न मुख्यतः पकडलेल्या माशांच्या विक्रीतील हिश्श्यावर अवलंबून असे. खलाशांनाही पगाराबरोबर विक्रीच्या प्रमाणात रक्कम मिळे. एखाद-दुसरी फेरी रिकामी गेल्यास कप्तानाला नौका गमवावी लागण्याची भीती असे. हवामान बिघडल्यावर आसऱ्याला जायचे की मासेमारी चालू ठेवायची, हा निर्णय अशा परिस्थितीत घ्यावा लागे. नौका बुडण्यामागे केवळ निसर्गच नव्हे, तर रोजगाराची ही रचनाही कारणीभूत होती.

डॉगर बँकची घटना

ट्रॉलर नौकांच्या इतिहासातील एक विलक्षण हानी २१–२२ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री घडली. रशिया-जपान युद्धासाठी निघालेल्या रशियाच्या बाल्टिक ताफ्याने उत्तर समुद्रातील डॉगर बँक येथे मासेमारी करणाऱ्या हलच्या 'गेमकॉक' ताफ्यातील ट्रॉलर नौकांना जपानी टॉर्पेडो नौका समजून त्यांच्यावर तोफा डागल्या. 'क्रेन' ही ट्रॉलर बुडाली आणि तिच्यावरील दोघे जागीच मरण पावले. जखमींपैकी एक जण पुढे काही महिन्यांनी दगावला. ब्रिटन आणि रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले. अखेर १८९९ च्या हेग करारातील तरतुदीनुसार पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय चौकशी आयोग बसला आणि रशियाने ६६,००० पौंड नुकसानभरपाई दिली. मृतांच्या स्मरणार्थ १९०६ मध्ये हलच्या हेसल रोडवर एका मच्छीमाराचा पुतळा उभारण्यात आला.

युद्धकाळातील हानी

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश नौदलाने ट्रॉलर नौका मोठ्या संख्येने ताब्यात घेतल्या. तळावरून जाळे ओढण्याची यंत्रणा, मजबूत बांधणी आणि खवळलेल्या समुद्राची सवय असलेले खलाशी या गोष्टी सुरुंग काढण्याच्या कामी उपयोगी पडल्या. दोन नौकांच्या मधून तारेचा दोर ओढत सुरुंगाची साखळी तोडणे आणि वर आलेला सुरुंग गोळीबाराने फोडणे, ही पहिल्या महायुद्धातील प्रचलित पद्धत होती. या कामात अनेक ट्रॉलर सुरुंगावर आदळून बुडाल्या. मासेमारी करीत राहिलेल्या नौकाही पाणबुड्यांच्या हल्ल्यांना बळी पडल्या. युद्ध संपल्यानंतरही तळाशी राहिलेले सुरुंग जाळ्यांत अडकून अपघात होत राहिले.

आइसलँडच्या किनाऱ्यावरील अपघात

रडारचा वापर रूढ होण्यापूर्वी आइसलँडचा किनारा ट्रॉलर नौकांसाठी विशेष धोक्याचा होता. हिमवृष्टीत दीपगृहे दिसत नसत आणि प्रवाहामुळे नौका किनाऱ्याकडे ढकलली जाई. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लीटवुडची 'धून' ही ट्रॉलर लाउत्रबियार्ग या प्रचंड कड्याखाली खडकांवर चढली. आसपासच्या शेतकऱ्यांनी दोरांच्या साहाय्याने कड्यावरून उतरून बारा खलाशांना वर काढले. तिघे आधीच मरण पावले होते.

पुढच्या वर्षी या बचावकार्यावर चित्रपट करण्यासाठी ऑस्कर गिस्लासन हा आइसलँडचा छायाचित्रकार त्या भागात गेला असता, 'सार्गोन' ही दुसरी ब्रिटिश ट्रॉलर जवळच्या पात्रेक्स फ्योर्डमध्ये किनाऱ्याला लागली. ज्या गावकऱ्यांकडून बचावाचे दृश्य पुन्हा करवून घ्यायचे होते, तेच प्रत्यक्ष बचावासाठी धावले. सहा जण वाचले. या खऱ्या बचावाचे चित्रण त्या चित्रपटात समाविष्ट झाले. आइसलँडच्या किनारी वस्त्यांनी परक्या खलाशांसाठी केलेल्या कामाची ही दुर्मीळ दृश्य नोंद मानली जाते.

बर्फ साचण्याचा धोका

समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. हवा त्याहून बरीच थंड असेल आणि वारा जोराचा असेल, तर नौकेवर उडणारे तुषार डोलकाठी, दोर, कठडे आणि सुकाणूघर यांवर आदळताच गोठतात. बोटभर जाडीचा दोर काही तासांत मांडीएवढा होतो. हे वजन पाण्याच्या पातळीपासून उंचावर साचत असल्याने नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो. सरळ होण्याची तिची क्षमता घटत जाते आणि अखेरीस ती एका बाजूला कलली की पुन्हा उठत नाही.

यावर कुऱ्हाडी, फावडी आणि सापडतील त्या लोखंडी वस्तूंनी बर्फ फोडत राहणे हा एकच उपाय खलाशांकडे होता. वादळात नौकेचे तोंड वाऱ्याकडे ठेवणे लाटांच्या दृष्टीने सुरक्षित असते. परंतु त्यामुळे तुषार अधिक उडतात आणि बर्फ अधिक साचतो. वाऱ्याकडे पाठ करण्यासाठी वळावे, तर वळताना नौका लाटांना आडवी येते. थकलेल्या माणसांना या दोन संकटांतून एकाची निवड करावी लागे.

'लोरेला' आणि 'रोडेरिगो' (१९५५)

जानेवारी १९५५ च्या अखेरीस आइसलँडच्या वायव्य टोकाच्या उत्तरेस ईशान्येकडून तीव्र वादळ सुरू झाले. 'किंग्स्टन गार्नेट' या ट्रॉलरच्या पंख्यात दोर अडकल्याचे कळल्यावर हलच्या 'लोरेला' आणि 'रोडेरिगो' या दोन वाफेच्या ट्रॉलर तिच्या मदतीसाठी गेल्या. 'किंग्स्टन गार्नेट'ने पंखा स्वतःच मोकळा केला, परंतु तोवर या दोन्ही नौका आसऱ्यापासून फार दूर गेल्या होत्या. वाऱ्याकडे तोंड करून त्या तग धरून राहिल्या. खलाशी सलग बर्फ फोडत होते.

२६ जानेवारी रोजी दुपारी 'लोरेला'ने आपण कलंडत असल्याचा संदेश दिला आणि तिचा आवाज बंद झाला. त्यानंतर काही तासांतच 'रोडेरिगो'कडूनही तसाच संदेश आला. दोन्ही नौकांवरील मिळून चाळीस जण मरण पावले. 'लोरेला' १९४७ मध्ये आणि 'रोडेरिगो' १९५० मध्ये बांधलेली होती. म्हणजे या जुन्या, झिजलेल्या नौका नव्हत्या. त्यामुळे चांगली बांधणी आणि अनुभवी कप्तान असूनही बर्फापुढे नौका टिकत नाही, हे प्रथमच निर्विवादपणे पुढे आले.

चौकशीनंतर ब्रिटिश जहाजबांधणी संशोधन संस्थेने नौकांच्या प्रतिकृतींवर बर्फ साचण्याचे प्रयोग केले. डोलकाठीला आधार देणारे दोर कमी करावेत आणि त्याऐवजी तीन पायांची डोलकाठी वापरावी, अशा रचनात्मक सूचना त्यातून निघाल्या. नव्या नौकांत त्यांचा काही प्रमाणात स्वीकार झाला. जुन्या नौका मात्र तशाच समुद्रावर जात राहिल्या.

१९६८ मधील तीन नौका

जानेवारी-फेब्रुवारी १९६८ मध्ये सुमारे तीन आठवड्यांत हलच्या 'सेंट रोमॅनस', 'किंग्स्टन पेरिडॉट' आणि 'रॉस क्लीव्हलँड' या तीन ट्रॉलर बुडून ५८ जण मरण पावले. यांपैकी १९४८ मधील 'किंग्स्टन पेरिडॉट' आणि १९४९ मधील 'रॉस क्लीव्हलँड' या वाफेवर चालणाऱ्या होत्या.

'सेंट रोमॅनस' १० जानेवारी रोजी निघाली. तिच्यावर स्वतंत्र बिनतारी चालक नव्हता. निघाल्यानंतर लवकरच तिचा संपर्क तुटला, परंतु शोधाची हाक २६ जानेवारीपर्यंत दिली गेली नाही. त्याच दिवशी 'किंग्स्टन पेरिडॉट'कडून शेवटचा संदेश आला. दोन्ही नौकांवर प्रत्येकी वीस माणसे होती. त्यांतील कोणीही वाचले नाही.

'रॉस क्लीव्हलँड'ने आइसलँडच्या इसाफ्यार्दार फ्योर्डमध्ये आसरा घेतला होता. ४ फेब्रुवारीच्या रात्री वाऱ्याने चक्रीवादळाचा जोर धरला आणि बर्फाने जड झालेली नौका कलंडली. कप्तान फिल गे याने अखेरच्या संदेशात स्वतःचे व सहकाऱ्यांचे प्रेम घरच्यांना कळवण्यास सांगितले. जवळच्या नौकांवरील माणसांनी तो ऐकला. दुय्यम अधिकारी हॅरी एडम आणि दोन खलाशी तराफ्यावर चढले. एडमच्या अंगावर डेकवर बर्फ काढण्यासाठी घातलेले जलरोधक कपडे होते. इतर दोघांच्या अंगावर पुरेसे कपडे नव्हते आणि ते थंडीने मरण पावले. किनाऱ्याला लागलेला एडम एका मेंढपाळ मुलाला सापडला. त्याच वादळात 'हेइद्रून दुसरी' ही आइसलँडची मासेमारी नौका सहा जणांसह बुडाली, तर खडकावर चढलेल्या ग्रिम्सबीच्या 'नॉट्स काउंटी'वरील अठरा जणांना आइसलँडच्या 'ओदिन' या तटरक्षक जहाजाने वाचवले.

हेसल रोडवरील स्त्रियांची चळवळ

पहिल्या दोन नौकांची बातमी पसरताच हलमधील मच्छीमारांच्या वस्तीतील स्त्रिया संघटित झाल्या. मासळी कारखान्यात काम करणाऱ्या लिलियन बिलोका यांनी सह्यांची मोहीम सुरू केली आणि सुमारे १०,००० सह्या जमवल्या. क्रिस्टिन जेन्सन, मेरी डेनेस आणि इव्हॉन ब्लेंकिन्सॉप या त्यांच्या प्रमुख सहकारी होत्या. बिनतारी चालक नसलेली नौका बंदर सोडू नये यासाठी बिलोका गोदीच्या धक्क्यावर उभ्या राहिल्या. पोलिसांनी त्यांना अडवले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात या स्त्रियांनी लंडनला जाऊन मंत्र्यांची भेट घेतली. प्रत्येक नौकेवर पूर्णवेळ बिनतारी चालक, हवामानाची अधिक चांगली माहिती, नवशिक्या मुलांना प्रशिक्षण, पुरेशी सुरक्षा साधने आणि ताफ्यासोबत वैद्यकीय सोयीचे जहाज या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या.

सरकारने त्या अल्पावधीत मान्य केल्या. 'ऑर्सिनो' हे मदतीचे जहाज आइसलँडजवळ पाठवण्यात आले. ॲडमिरल हॉलंड-मार्टिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ मध्ये ट्रॉलर नौकांच्या सुरक्षिततेविषयी अहवाल दिला. बिलोका यांना मात्र धमकीची पत्रे आली, त्यांची नोकरी गेली आणि मासळी व्यवसायात त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याची सार्वजनिक दखल प्रामुख्याने मृत्यूनंतर घेतली गेली.

इतिहासाची साधने

प्रत्येक ट्रॉलरला बंदराचे अक्षर आणि क्रमांक असे. हलसाठी 'एच' आणि ग्रिम्सबीसाठी 'जी वाय' ही अक्षरे होती. मालक बदलला की नौकेचे नाव बदलण्याची प्रथा असल्याने एकाच नौकेचा माग काढताना हा क्रमांक आणि बांधणीची नोंद उपयोगी पडते. हल हिस्टरी सेंटर येथे १८८४ ते १९१४ या काळातील ट्रॉलर खलाशांच्या याद्या जतन केलेल्या आहेत. अपघातांचे सरकारी चौकशी अहवाल, स्थानिक वृत्तपत्रे आणि कुटुंबांकडील पत्रे ही अन्य साधने होत. चौकशी अहवालांत बिनतारी संदेशांचे काटेकोर वेळापत्रक मिळते. नौकेवरील माणसांचे जीवन मात्र कुटुंबांच्या आठवणींतूनच कळते.

अखेर आणि अवशेष

डिझेल इंजिने, डेक झाकलेल्या व मागील बाजूने जाळे घेणाऱ्या नौका आणि मासे नौकेवरच गोठवण्याची सोय यांमुळे वाफेच्या ट्रॉलर मागे पडल्या. १९७५ मध्ये हलची सेंट अँड्र्यूज गोदी बंद झाली. १९७६ मध्ये आइसलँडबरोबरचा मासेमारीचा वाद ब्रिटनच्या विरोधात मिटला आणि दूरच्या समुद्रातील ब्रिटिश मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. हलमध्ये गोदीच्या परिसरात बुडालेल्या मच्छीमारांचे स्मारक आहे.

१९०६ मध्ये हलसाठी बांधलेली 'व्हायोला' ही वाफेची ट्रॉलर मात्र अजून शिल्लक आहे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधात भाग घेतलेली ही नौका पुढे 'दियास' या नावाने दक्षिण अटलांटिकमध्ये गेली. दक्षिण जॉर्जिया बेटावरील ग्रिटविकेन या ओसाड देवमासे शिकारकेंद्राजवळ ती मूळ वाफेच्या इंजिनासह किनाऱ्याला लागलेली आहे.