परमुलखात आपलाच पैसा

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही जुन्या गल्लीत शिरा, चार घरे सोडून एक घर असे सापडते की ज्यातला मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे. बाळंतपण, नातवंडाचा वाढदिवस, नाहीतर नुसतेच 'या की आता' एवढे निमित्त पुरते आणि आईवडील निघतात. भडंग, गोडा मसाला, लिंबाचे लोणचे यांची महिनाभर आधीपासून वजने होतात. विम्याचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या फायलीत लागतात. पैशांचा विषय मात्र एका वाक्यात मिटतो. 'पैसे कशाला? आम्ही आहोत ना!'

वाक्य प्रेमाचे आहे, त्यात वाद नाही. पण माझी सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. त्यामुळे मला त्याची दुसरी बाजूही दिसते. चाळीस वर्षे स्वतःच्या सहीने पैसे काढणारा माणूस एका विमानप्रवासात दुसऱ्याच्या पाकिटावर अवलंबून होतो. सांगलीच्या आमच्या वहिनी निवृत्त शिक्षिका. तीन महिन्यांसाठी मुलीकडे जर्मनीला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, पेन्शन माझी, आणि नातवाला खाऊ घ्यायला जावईबापूंकडे पैसे मागू? मला नाही जमायचं ते."

आपल्याकडे बँक म्हणजे घरचीच असायची. सांगली बँक १९१६ सालची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. सही जरा हलली तर खिडकीतला माणूस 'काका, पुन्हा एकदा करा' म्हणायचा. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. पाट्या बदलल्या, पैसे काढण्याच्या स्लिपेची जागा कार्डाने घेतली. त्या कार्डाचा एक गुण पुष्कळांना अजून ठाऊक नाही. नीट तयारी केली तर तेच कार्ड परदेशातल्या एटीएममधून तिथले चलन काढून देते आणि आपल्या खात्यातून रुपये वजा होतात.

तयारी मात्र घरूनच करायची. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड सुरुवातीला देशातच चालते. परदेशातला वापर खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. काही कार्डे तर मुळातच देशापुरती असतात. म्हणून शाखेत जाऊन विचारावे : हे कार्ड परदेशात चालेल का, दिवसाला किती रक्कम निघेल, आकार किती पडेल? बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक तिकडेही चालू राहील असे पाहावे, कारण पैसे निघाल्याचा संदेश त्यावरच येतो. पिन पाठ असावा, कार्डाच्या पाकिटात लिहिलेला नसावा.

आता आकाराचे गणित. परदेशात पैसे काढताना आपली बँक दर वेळी एक ठरावीक रक्कम घेते आणि चलन बदलण्याबद्दल वर काही टक्के लावते. समजा हा दर साडेतीन टक्के असेल, तर २०० युरोंवर ७ युरो झाले. ज्याचे यंत्र तो मालकही कधीकधी वेगळे पैसे घेतो. ५० युरो चार वेळा काढले तर ठरावीक आकार चारदा बसतो, २०० एकदम काढले तर एकदाच. उगाच रोज यंत्राकडे धावू नये, हे त्यातले तात्पर्य.

खरी मेख पुढे आहे. यंत्र मधेच मोठ्या आदराने विचारते, 'तुमची रक्कम रुपयांत वळवून घेऊ का?' आपले रुपये पडद्यावर दिसले की जीव भांड्यात पडतो आणि बोट 'हो'कडे जाते. तिथेच थांबावे. हो म्हटले की दर यंत्रवाला ठरवतो, आणि तो बहुधा आपल्याला महागच पडतो. नको म्हटले तरी पैसे मिळतातच. मग रुपयांचा हिशोब कार्डाच्या जाळ्यातून आणि आपल्या बँकेच्या दराने होतो. स्टेशनवरच्या किंवा पर्यटकांच्या गर्दीतल्या खासगी यंत्रांपेक्षा बँकेच्या शाखेतले यंत्र बरे.

हल्ली आपल्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीलाही मोबाइल पुढे करतात. परदेशात ती सोय सगळीकडे नाही. उलट जर्मनीसारख्या प्रगत देशात बेकरीत आणि आठवडी बाजारात रोख पैशाला अजून मान आहे. वहिनींनी तिथल्या आठवडी बाजारात स्वतःच्या पैशाने नातवाला स्ट्रॉबेरी घेऊन दिली, आणि उरलेली नाणी पर्समध्ये मोजून ठेवली. फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्या बाईंचा होता.

परदेशातल्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. आईवडिलांसाठी तुम्ही खर्च करता, जरूर करा. पण 'आई, पिन सांग, मी काढून आणते' असे म्हणू नका. त्यांना यंत्रापर्यंत घेऊन जा, पडद्यावरची परकी भाषा समजावून द्या, आणि त्या पिन दाबत असतील तेव्हा तोंड दुसरीकडे फिरवा. आयुष्यभर त्यांनी तुमच्यासाठी पैसे काढले. आता थोडे स्वतःसाठी काढू द्यात.