रात्रभर खाज, दिवसभर थकवा

कपडे बदलले, साबण बदलला, मलमे झाली. खाज मात्र जात नाही. अंगावर पुरळही नसतो. डायलिसिसवरच्या अनेकांची ही रोजची रात्र असते. झोप मोडते, चिडचिड वाढते, मन खचते.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 37 टक्के डायलिसिस रुग्णांना मध्यम ते तीव्र खाजेचा त्रास होता. जवळपास सतत खाजवणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांनी तर तो आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी कुणालाच सांगितला नव्हता. हे मौन फार महागात पडते.

कोरडी त्वचा, शरीरात साचलेले घटक, मज्जातंतूंमधील बिघाड अशी कारणे एकत्र येतात. रक्तातले वाढलेले फॉस्फरसही त्यात भर घालू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजच्या घराघरांत शेंगदाण्याचे कूट आणि चटणी असतेच. शेंगदाण्यात फॉस्फरस बरेच असते. ते किती खायचे, हे डॉक्टरांना विचारावे.

आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर लावावे, डायलिसिस पुरेसे होते का ते तपासून घ्यावे. नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचा उपयोग बहुधा मर्यादितच. गॅबापेंटिन हे औषध अगदी कमी मात्रेत देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. खास या खाजेसाठीच्या डायफेलिकेफालिन इंजेक्शनला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली.