जुन्या मोटारीचा जमाखर्च

हिंगणघाट, आर्वी, पुलगाव किंवा देवळीच्या बाजारपेठेतून सकाळच्या वेळी फेरफटका मारला, तर अनेक पेढ्यांसमोर वयस्क मोटारी उभ्या दिसतात. क्रमांकाच्या पाटीवर 'एमएच ३२', रंग उन्हाने फिकट झालेला, मागच्या आसनावर सरकीचे नमुने किंवा कापडाचे गठ्ठे. ही गाडी घरातील कोणाच्या तरी पहिल्या मोठ्या नफ्याची असते, कोणाच्या लग्नात नवरी घेऊन आलेली असते. घरातील तरुण पिढी तिच्या जागी नवी गाडी आणू पाहते, तर वडीलधारी मंडळी तिला सोडायला तयार नसतात. या दोहोंच्या वादात एक प्रश्न बहुधा राहून जातो. गाडी ठेवायची असेल, तर ती सुस्थितीत आणि सुरक्षित ठेवण्याचे काम कोण करणार? या कामाचा बराच मोठा भाग घरच्या अंगणात, घरच्याच हातांनी होऊ शकतो.

मोटार आणि जैन व्यापारी समाज यांचे नाते जुने आहे. भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यात झाला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा देशात पाया घालणाऱ्या या पुरुषाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाटच्या परवान्याने १०८९ सीसी इंजिनाची जी मोटार बाहेर पडू लागली, तिला १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीचे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. तरीही या गाड्या आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतील अनेक गाड्या घरोघरी जपलेल्या आढळतात. त्यांची रचना साधी असल्याने मालकाला तिच्यातील पुष्कळ गोष्टी स्वतः पाहता व समजून घेता येतात.

वर्ध्याच्या भूमीला ही दृष्टी परकी नाही. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्य उभे करणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी टिकाऊपणा हाच अर्थव्यवहाराचा पाया मानला. तेथील मगन संग्रहालय १९३८ पासून हाताच्या कामाची प्रतिष्ठा सांगत उभे आहे. वस्तू दुरुस्त करून वापरणे हा कंजूषपणा नसून विवेक आहे, हा विचार या जिल्ह्यात रुजलेला आहे.

काळी माती, कापूस आणि ऊन

गाडीची निगा प्रदेशानुसार बदलते. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात काळी चिकण माती चाकांच्या कमानीत घट्ट बसते आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. या तिन्हींचा गाडीवर वेगवेगळा परिणाम होतो.

धूळ कोरड्या फडक्याने पुसणे ही सर्वांत रूढ आणि सर्वांत हानिकारक सवय होय. धुळीतील बारीक कण रंगावर घासले जाऊन गोलाकार चरे पडतात आणि काही वर्षांत गाडी निस्तेज दिसू लागते. धुण्याची योग्य रीत अशी: गाडी सावलीत, सकाळी पत्रा थंड असताना उभी करावी. प्रथम मगाने पाणी ओतून माती भिजू द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीसाठीचा सौम्य शांपू आणि दुसरीत निव्वळ पाणी. मऊ मायक्रोफायबर फडके शांपूत बुडवून छतापासून खाली यावे आणि प्रत्येक भागानंतर ते दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावे. चाकांसाठी फडके वेगळे ठेवावे आणि चाके सर्वांत शेवटी धुवावीत. भांड्यांची किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. ती रंगावरील मेणाचा संरक्षक थर उतरवते.

नळीने धुण्यापेक्षा या रीतीने पाणी पुष्कळ कमी लागते. पाणी जपून वापरण्याचा संस्कार असलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असल्याने गाडी उन्हात आपोआप वाळू दिली, तर पांढरे डाग राहतात. म्हणून ती लगेच टिपून कोरडी करावी. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक दिसताच ओल्या फडक्याने भिजवून काढावा, कारण उन्हात तो रंगात उतरतो.

वर्षातून एकदोनदा मेण लावणे पुरेसे आहे. दसरा-दिवाळीच्या आधी घराची साफसफाई होते, तेव्हा हे काम सहज उरकता येते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत पॉलिश करताना मात्र सावधगिरी हवी. पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नसे. कोपऱ्यात थोडे पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला, तर तो थर नाही असे समजावे. अशा गाडीचा प्रत्येक पॉलिशबरोबर थोडा रंग झिजतो. म्हणून तिथे पॉलिश क्वचित आणि मेण अधिक, हा नियम बरा.

गाडीच्या आत चकाकी आणणारे तेलकट द्रव डॅशबोर्डवर लावण्याचा मोह टाळावा. त्यावर धूळ चिकटते आणि उन्हात समोरच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडून चालकाचे डोळे दिपतात. ओलसर फडके आणि उन्हात उभी असताना काचेआड लावायचा पडदा यांनी डॅशबोर्ड तडकण्यापासून अधिक वाचतो. पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला राहिला, तर दुर्गंधी येते आणि त्याखालचा पत्रा गंजतो. गालिचे बाहेर काढून वाळवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

गंज हा जुन्या गाडीचा खरा शत्रू आहे. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. काळ्या मातीने ती बुजली की पाणी आत साचते आणि दार आतून कुजते. लाकडी काडीने ती मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पावसाळा संपताच चाकांच्या कमानीतील माती धुऊन काढावी. गंजाचा लहान ठिपका दिसला, तर पॉलिश पेपरने घासून प्रायमर व रंग लावावा.

बॉनेटखाली

दर पंधरवड्याला सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून दहा मिनिटे द्यावीत. सपाट जागी गाडी उभी करून ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही हे पाहावे. कूलंटची पातळी पाहावी. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालण्याची सवय सोडावी, कारण त्यातील क्षार आतील नळ्यांत साचून त्या अरुंद होतात आणि मे महिन्यात इंजिन तापते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते.

रेडिएटरच्या बारीक पात्यांत रुई, धूळ आणि किडे अडकतात. थंड इंजिनावर, आतल्या बाजूने बाहेर अशा दिशेने हलक्या धारेने पाणी सोडले की ते निघतात. एअर फिल्टर कापसाच्या हंगामात अधिक वेळा पाहावा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. हातमोजे घालून आधी ऋण टोकाची तार सोडवावी, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने घासावे, कोरडे करून पेट्रोलियम जेली लावावी आणि तार जोडताना ऋण टोक शेवटी जोडावे. ज्या बॅटरीत पाणी घालता येते, तिच्यात फक्त डिस्टिल्ड पाणीच घालावे.

पेट्रोलच्या गाडीबाबत एक नवी दक्षता आवश्यक झाली आहे. २०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते लवकर कडक होऊ शकतात किंवा तडकू शकतात. पेट्रोलचा वास आला किंवा नळीवर ओलावा दिसला, तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवावे. गरम इंजिनाजवळची इंधनगळती म्हणजे आगीला आमंत्रण होय.

धान्य किंवा सरकीच्या गोदामाजवळ उभ्या गाडीत उंदीर शिरून तारा कुरतडतात. विष टाकण्याचा मार्ग या घरांना मान्य नसतो. शिवाय मेलेला उंदीर हवेच्या मार्गात अडकला, तर वास महिनोन्महिने जात नाही. गाडी पोत्यांपासून दूर उभी करणे, आत खाण्याचे कण न ठेवणे, हवेच्या तोंडाशी बारीक तारेची जाळी बसवणे आणि गाडी आठवड्यातून दोनदा तरी फिरवणे हे अहिंसक आणि बऱ्याच अंशी उपयोगी उपाय आहेत. बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे. घरटे असल्यास ते पिंजऱ्याच्या साहाय्याने आणि जपून हलवावे.

कुठे थांबावे

स्वतः काम करणाऱ्याला आपली मर्यादाही ठाऊक असली पाहिजे. ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाची नळी, सीट बेल्ट आणि एअरबॅग ही कामे प्रशिक्षित मिस्त्रीचीच आहेत. त्यांत बचत पाहू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरतो आणि क्षणात जीव जातो.

टायरच्या बाबतीत तर हयगय करूच नये. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. मुभा आहे म्हणून जुन्या गाडीने तो वेग गाठावा असे नाही. हवा कमी असलेला टायर वेगात अधिक दबतो, तापतो आणि फुटतो. म्हणून सकाळी, टायर थंड असताना, हवा मोजून घ्यावी. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. '३२१९' याचा अर्थ २०१९ मधील ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली, तरी पाच-सहा वर्षे उलटलेला टायर जाणकाराला दाखवावा. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरपेक्षा कमी झाली, तर तो वापरणे नियमाविरुद्ध आहे. जुनी मोटार पेठेत आणि गावोगावी फिरवणे वेगळे, आणि कुटुंबासह तिने रात्रीतून शिर्डी गाठणे वेगळे. हा भेद घरातील कर्त्याने स्वतःच केला पाहिजे.

पंधराव्या वर्षी

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. केवळ वय झाले म्हणून खासगी मोटार भंगारात काढावी लागेल असा नियम महाराष्ट्रात नाही, मात्र ती योग्य स्थितीत असली पाहिजे आणि पर्यावरण कर भरला पाहिजे. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्कही वाढलेले आहे. म्हणून मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कार्यालयातून चालू दर समजून घ्यावेत आणि मगच ठेवायची की काढायची याचा निर्णय घ्यावा.

हा निर्णय भावनेवर नव्हे, हिशेबावर आधारलेला असावा. आयकराच्या रीतीने मोटारीवर दरवर्षी १५ टक्के घसारा धरला, तर ४ लाखांची गाडी पंधरा वर्षांनी पुस्तकात सुमारे ३५ हजारांची उरते. पुस्तकातील हा आकडा आणि गाडीची प्रत्यक्ष उपयुक्तता एक नव्हे. ती उपयुक्तता कळण्यासाठी गाडीची स्वतंत्र वही हवी. तारीख, किलोमीटर, काय काम झाले, कोणता भाग बसवला, किती रुपये लागले, एवढेच रकाने पुरेत. सलग तीन वर्षांच्या नोंदी समोर असल्या, की उत्तर आपोआप दिसते. खर्च ऑइल, फिल्टर, टायर अशा झिजेच्या वस्तूंवर होत असेल, तर गाडी अजून सेवा देते आहे. पत्रा कुजू लागला, ब्रेकच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या, दर दोन महिन्यांनी गाडी वाटेत बंद पडू लागली, तर तिला निरोप देणे हेच शहाणपण. वडिलांची आठवण त्यांच्या छायाचित्रातही राहते. त्यासाठी नातवंडांना असुरक्षित गाडीत बसवण्याचे कारण नाही.

या वहीचा आणखी एक लाभ असा, की ती घरातील मुलांच्या हाती देता येते. रविवारी सकाळी आजोबांनी ऑइलची पट्टी दाखवावी, नातवाने किंवा नातीने आकडा लिहावा. हवा, पाणी, ऑइल, बॅटरी आणि टायर एवढ्या पाच गोष्टी पाहायला शिकलेले मूल पुढे कोणतीही गाडी घेवो, ती जबाबदारीनेच वापरील. पेढीवरच्या वहीत पहिली नोंद करायला जसे शिकवले जाते, तसेच हेही शिकवता येते, आणि त्याला गाडी जुनी असलेलीच बरी.