घरचं मिलिंग मशीन

अंबाझरीची आयुध निर्माणी, अजनीचा लोको शेड, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, हिंगणा-बुटीबोरीची एमआयडीसी. नागपूरच्या आसपास यंत्रांच्या सहवासात उमेदीची वर्षं घालवून माणसं निवृत्त होतात आणि त्यातली काही मोवाड, जलालखेडा, सावरगाव, बेलोना अशा आपल्या गावी परततात. संत्र्याची बाग मुलं सांभाळतात. हात मात्र रिकामे बसायला तयार नसतात. अशा हातांसाठी, आणि आयुष्यभर खडू किंवा फायली हाताळल्या पण लोखंडाची ओढ मनात राहिली अशा हातांसाठीही, धातुकामासारखा छंद नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याला जागा नसते. नरखेड तालुक्यातल्या घरामागच्या खोलीत, किंवा फवारणीचं सामान ठेवायच्या पक्क्या शेडमध्ये, ती सहज होते.

लेथ आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचं. तिथे जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहतं. मिलिंग मशीनमध्ये उलट असतं: कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. म्हणून लेथवर गोल वस्तू होतात, तर सपाट पृष्ठभाग, खाचा, चौकोन आणि दाते मिलिंगवर. पंपाच्या शाफ्टवरची चावीची खाच हे त्याचं रोजचं काम.

हे यंत्र किती मोलाचं, हे त्याच्या इतिहासावरून कळतं. ड्रिलवरच्या पिळदार खाचा पूर्वी कारागीर कानशीने घासून काढत. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात बंदुकांच्या सुट्या भागांना भोकं पाडण्यासाठी अशा ड्रिलची निकड भासली. ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांनी त्यावर तोडगा म्हणून १८६२ च्या सुमारास युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं. घरगुती यंत्रकामाच्या छंदालाही आता सव्वाशे वर्षं झाली. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे त्याला वाहिलेलं मासिक लंडनमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी सुरू केलं. त्या काळच्या अनेक हौशी मंडळींकडे वेगळं मिलिंग मशीन नसे. ती लेथवरच उभी स्लाइड बसवून काम भागवत.

आपल्या मातीतही हे वेड जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि १९०३ साली लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी छंदातून चिमुकल्या रेल्वेगाड्यांचं जग उभारलं. १९९८ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळतं. एकाच्या हौसेतून कारखाना झाला, दुसऱ्याच्या हौसेतून आनंदाचं ठिकाण. दोन्ही वाटा मला सारख्याच मोलाच्या वाटतात.

यंत्र कोणतं घ्यावं?

कारखान्यातलं जुनं एचएमटीचं मिलिंग मशीन लिलावात स्वस्त मिळालं, तरी त्याच्या वजनाचा आणि थ्री-फेज मोटरचा विचार आधी करावा. घरासाठी टेबलावर बसणारं छोटं मशीन पुरतं. साठ-सत्तर किलोपासून अशी यंत्रं मिळतात आणि एक अश्वशक्तीच्या आतली मोटर घरच्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालते. थ्री-फेज मोटरचं मशीन आवडलंच, तर योग्य क्षमतेची व्हीएफडी (मोटरसाठी थ्री-फेज पुरवठा तयार करून देणारं उपकरण) लावून छोटी मोटर सिंगल फेजवर चालवता येते. अर्थिंग पक्कं हवं. गावात दाब कमी-जास्त होत असेल, तर इलेक्ट्रिशियनला विचारून स्टॅबिलायझर बसवावा.

जुनं यंत्र घेताना रंगाकडे पाहू नये. टेबल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावं. मध्ये सैल आणि टोकांना घट्ट लागलं, तर स्लाइड मधोमध झिजली आहे असं समजावं. स्पिंडलला हाताने आडवं रेटून डायल गेजवर ढिलेपणा तपासावा. पैसेही सगळे यंत्रातच घालू नयेत. व्हाइस, कोलेट, कटर, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज यांचा खर्च हळूहळू यंत्राच्या किमतीशी बरोबरी करतो. नागपूरला इतवारीच्या लोहा ओळीत चक्कर मारली, की लोखंडाच्या पट्ट्या आणि सळ्या मिळतात.

पहिला जॉब

माझं आग्रहाचं सांगणं आहे, की पहिला जॉब एक साधा चौकोनी ठोकळा असावा. माइल्ड स्टीलचा तुकडा घ्या. त्याच्यावर रेघा मारण्यासाठी लागणारी वस्तू आपल्या प्रत्येक संत्रा बागायतदाराच्या घरी आहे: मोरचूद. झाडांच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायला आणलेल्या मोरचुदाचे चार खडे पाण्यात विरघळवावे आणि ते पाणी स्वच्छ, तेलविरहित पोलादावर फिरवावं. लोखंडावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि त्यावर ओरखड्याने मारलेली रेघ लख्ख दिसते. काम झालं की जॉब धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा. हे पाणी यंत्राच्या स्लाइडवर सांडू देऊ नये, आणि ॲल्युमिनियमसाठी ते मुळीच वापरू नये.

आता पहिली बाजू सपाट करा. ती बाजू व्हाइसच्या स्थिर जबड्याला टेकवा आणि सरकत्या जबड्याच्या बाजूला मध्ये एक गोल सळी धरा. खडबडीत बाजूचा तिरपेपणा सळी पचवते आणि तयार बाजू स्थिर जबड्याला चिकटून बसते. दुसरी बाजू कापली, की ती पहिलीशी काटकोनात येते. गुण्या लावून उजेडाकडे धरा. फट दिसली नाही, तर त्या दिवशी जेवण गोड लागतं.

कटरचा वेग अंदाजाने ठेवू नये. हायस्पीड स्टीलच्या कटरने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला सुमारे २५ मीटर हा वेग ठीक असतो. १० मिमी व्यासाच्या एंड मिलला त्याचे सुमारे ८०० फेरे होतात. ॲल्युमिनियमला त्याच्या तिप्पट चालतात. बीड कोरडंच कापावं, कारण त्यातलं ग्राफाइट वंगणाचं काम करतं. त्याची काळी भुकटी मात्र स्लाइडवरून लगेच पुसावी.

हलक्या यंत्राचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. चाक उलट फिरवलं, की स्क्रू आणि नट यांच्यातली फट भरेपर्यंत टेबल हलतच नाही. त्यामुळे माप नेहमी एकाच दिशेने गाठावं. पुढे गेलो, तर बरंच मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने यावं. याच फटीमुळे जॉब कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावा. त्याच दिशेने सरकवला, तर कटर जॉब ओढून घेतो आणि तुटतो.

हात बसला की जॉबच्या परिघाचे सारखे भाग पाडणाऱ्या डिव्हायडिंग हेडकडे वळावं. त्याचं हँडल ४० वेळा फिरवलं, की जॉबचा एक फेरा पूर्ण होतो. २४ दात्यांचं गिअर हवं असेल, तर ४० भागिले २४, म्हणजे प्रत्येक दात्यामागे एक पूर्ण फेरा आणि १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोकं. शाळेतला अपूर्णांक इथे पितळेवर उमटतो. नातवंडांना सुट्टीत शेजारी बसवून हे जरूर दाखवावं, त्यांच्या डोळ्यांवरही गॉगल लावून.

जीव महत्त्वाचा

उन्हासाठी गुंडाळलेला दुपट्टा, लांब बाह्या, घड्याळ, अंगठी हे सगळं बाहेर ठेवूनच खोलीत शिरावं. फिरत्या कटरजवळ हातमोजेही घालू नयेत, ते हात आत ओढतात. कीस ब्रशनेच झाडावा, तोही यंत्र बंद करून. एंड मिल ड्रिल चकमध्ये धरू नये, आडवा ताण सोसण्यासाठी हा चक बनलेला नाही. जड व्हाइस एकट्याने उचलू नये. नजर कमजोर असेल, तर भिंगाचा दिवा आणि आकडे दाखवणारा डिजिटल रीडआउट घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पावसाळ्यात उघड्या पोलादावर रोज तेल हवंच, आणि एप्रिल-मेच्या दुपारी काम बंद ठेवून सकाळचा गारवा वापरावा.

या छंदाचा तालुक्याला उपयोगही आहे. फवारणीच्या एचटीपी पंपाची कपलिंग तुटते, शाफ्टची चावी उडते, जुन्या यंत्राचा एखादा ब्रॅकेट बाजारात मिळेनासा होतो. एकाच नगासाठी मोठं वर्कशॉप वेळ देत नाही आणि ऐन हंगामात बागायतदाराचे दिवस जातात. निवृत्त माणसाकडे तर वेळच वेळ असतो. मात्र ब्रेक, स्टिअरिंग, दाबाच्या टाक्या असे ज्यांच्यावर जीव अवलंबून आहे ते भाग घरी बनवू नयेत.

म्हणून नरखेडच्या निवृत्त बांधवांना आणि भगिनींना माझी विनंती आहे. या दिवाळीत यंत्राची घाई करू नका. एक चांगली कानस, एक गुण्या आणि एक व्हर्नियर घ्या, गावातल्या फिटर-टर्नरला गुरू करा आणि एक ठोकळा हाताने चौरस करून पाहा. त्यात मन रमलं, तर पुढच्या दिवाळीपर्यंत मिलिंग मशीन खुशाल घरी आणा. आणि जे शिकाल, ते गावातल्या एका तरी पोराला शिकवा.