बाईचं दुखणं दवाखान्यापर्यंत कसं पोचतं

मध्य प्रदेशात, जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार, म्हणजे दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडफेक होते, तेव्हा जखमींसाठी तात्पुरती उपचार केंद्रं आणि अ‍ॅम्ब्युलन्स सज्ज असतात. बाईच्या दुखण्याची वाट मात्र लांबची. डॉक्टर पुलापलीकडेच असले, तरी त्याआधी घरात बरंच काही घडावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे, दुखण्याला दुखणं म्हणावं लागतं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत जास्त रक्त जाणं, कायमचा थकवा, हे ‘बायकांना असतंच’ म्हणून सोडून दिलं जातं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे बाकीच्यांनी दुखणं अंगावरच काढलं होतं.

मग कुणाला तरी सांगणं येतं. आधी जावेला, मग सासूला, नवऱ्याला शेवटी. तोवर ओवा, डिंक, हळदीचं दूध होऊन जातं. नंतर मेडिकलवरची गोळी. ती आणायला नवरा किंवा मुलगा जातो, म्हणून निरोप जातो तो ‘कंबर दुखते’ एवढाच. पुढे डॉक्टरसमोरही हेच होतं. टेबलाभोवती चार पेशंट उभे, शेजारी नवरा, डॉक्टर पुरुष. काय होतंय? ‘कंबर दुखते.’ कंबरेची गोळी मिळते, आणि खरी तक्रार तिच्यासोबत घरी परत येते. चूक बाईची नाही. पडदा नसलेल्या खोलीत कुणीही एवढंच सांगेल.

पैशाचा हिशेब तर सतत चालूच असतो. सरकारी रुग्णालयात उपचार फुकट असले तरी दिवस फुकट नसतो. कापूसवेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितका दिवस बुडाला तितकी मजुरी बुडाली. वेचणी आणि संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत बायका दुखणं पुढे ढकलतात ते याच गणिताने. संध्याकाळी उघडा असणारा, उधारीवर इंजेक्शन देणारा खाजगी डॉक्टर त्यांना परवडतो, कारण तो त्यांच्या वेळेला असतो. सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीलाही लोक जातात. श्रद्धेचा उपाय आणि औषध बहुतेक घरांत एकत्रच चालतात. नागपूरला न्यायचं ठरलं की निर्णय पुरुषांकडे जातो. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही चालतं, पण सोबत कोण जाणार, मागे स्वयंपाक आणि गुरं कोण बघणार, हे कार्डाने सुटत नाही.

हे सगळं बदलू शकतं, याचा पुरावा बाळंतपणात आहे. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात साधारण चारातलं एक बाळंतपण दवाखान्यात होत होतं. 2019-21 मध्ये दहातली नऊ. बायका एकाएकी शहाण्या झाल्या नाहीत. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, पुढे तिच्यात ग्रामीण बाईला 1400 रुपये मिळू लागले, सोबतीला आशाताई आली, न्यायला गाडी आली. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सिझेरियन, औषधं, जेवणही मोफत केलं. परवानगी, सोबत, वाहन, पैसा या चारही अडचणींवर एकाच वेळी उपाय झाला. सासूनेही मग अडवलं नाही.

इतर दुखण्यांसाठी तसं सगळं एकत्र उभं नाही. आशाताईला बाळंतिणीला दवाखान्यात नेल्याचा मोबदला मिळतो. चाळिशीतल्या बाईला रक्तस्रावासाठी नेलं तर बहुतेकदा आशाताईचाच दिवस जातो. माझ्या मते सुरुवात आठवडी बाजाराच्या दिवसापासून करावी. त्या दिवशी बायका भाजी, मीठ-मिरची घ्यायला गावात येतातच, घरी वेगळी परवानगी मागावी लागत नाही. त्याच दिवशी दुपारनंतर, दार लागणाऱ्या खोलीत, बाई डॉक्टर बसायला हवी.