चूक गृहीत धरणारी संगणक प्रणाली

मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसर येथून दोन मेट्रो मार्गिका दक्षिणेकडे जातात : ‘२ अ’ अंधेरी पश्चिमेकडे, तर ‘७’ अंधेरी पूर्वेकडे. त्यांच्या चाचणी फेऱ्यांना ३१ मे २०२१ रोजी प्रारंभ झाला आणि पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी प्रवाशांसाठी खुला करण्यात आला. गाडी रुळांवर धावू लागल्यानंतरही इतका अवधी का लागावा, असा प्रश्न नागरिकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या गाड्यांच्या हालचालींवर संगणकांचे नियंत्रण असते. गाडीने कोठवर जावे, याची अनुमती तिला संदेशाद्वारे सतत मिळत असते. संदेश खंडित झाला तर काय? अशा वेळी ‘मार्ग मोकळा असेल’ असे प्रणाली गृहीत धरीत नाही. ती गाडी थांबविते. दार पूर्ण बंद झाल्याची खात्री पटल्यावाचून गाडी सुटत नाही. बिघाड कधीतरी होणारच, हे मान्य करून त्या क्षणी काय करावयाचे ते आधीच ठरवून ठेवणे, हेच दोषनियंत्रणाचे मूलतत्त्व होय.

ही दक्षता न घेतल्यास काय घडते, हे ४ जून १९९६ रोजी दिसून आले. युरोपचे ‘एरियन-५’ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. जुन्या अग्निबाणासाठी लिहिलेली आज्ञावली नव्यात तशीच वापरली होती. एक संख्या ठरलेल्या जागेत मावेनाशी झाली आणि त्यावर उपाय योजलेला नव्हता. मुख्य संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तीच आज्ञावली असल्याने तोही बंद पडला.

म्हणूनच आज्ञावलीची परीक्षा आवश्यक ठरते. प्रत्येक प्रसंगाचे अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवले जाते. आज्ञावलीत लहानसा बदल झाला, तरी संगणक सर्व परीक्षा आपोआप पुन्हा घेतो. एक दोष दूर करताना दुसरा शिरला असल्यास तो तात्काळ उघडकीस येतो. मुद्दाम चुकीचे संदेश देऊनही प्रणाली पारखली जाते.

तथापि, ज्या प्रसंगाची कल्पनाच केली नाही, त्याची परीक्षा संगणक घेऊ शकत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष रुळांवरील चाचण्या आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची स्वतंत्र तपासणी अनिवार्य ठरते. चाचण्यांत गेलेला काळ हा विलंब नव्हे. प्रवाशांच्या सुरक्षिततेची ती पूर्वतयारी आहे.