टायटॅनियम व्हॉल्व्ह लीक आहे? पेस्टचा डबा बाजूला ठेवा!

गॅरेजच्या व्हिडिओत हा मुद्दा दोन मिनिटांत उरकला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पुणे, नाशिककडे डर्ट रेसिंग करणारी पोरं आहेत. त्यांच्याकडे होंडा सीआरएफसारख्या मोटोक्रॉस गाड्या असतात. अशी गाडी तुमच्या गॅरेजला आली की तक्रार ठरलेली, "गरम झाल्यावर स्टार्ट होत नाही, कमी पैशात काय होईल ते बघा." इथेच नवीन गॅरेजवाला फसतो. स्प्लेंडरच्या हेडला करतो तेच इथे करतो, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासतो.

स्टीलच्या व्हॉल्व्हला ते चालतं. टायटॅनियम मुळात मऊ, घासलं की लवकर झिजणारं. म्हणून कंपनी त्यावर काही मायक्रॉनचा कडक थर देते. पेस्टने तो थरच जातो. गाडी त्या दिवशी झकास चालू होते, कस्टमर खूश. पण मग व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जात राहतो, दांडी वर सरकते आणि क्लिअरन्स कमी होत शून्यावर येतो. आता व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. तसंच रेटत राहिलं तर व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडू शकतं. समजा तुम्ही १,५०० रुपये मजुरी घेतली होती. आता हेड परत फुकट खोलायचं, गॅस्केट तुमच्या खिशातून आणि वर भांडण.

मग बजेटमध्ये काम कसं करायचं? आधी हेड न खोलता तपासा. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर आणा, प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान लावा. एअर बॉक्समधून फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंग. (हवा भरताना इंजिन फिरू शकतं, हात जपा.) पण त्याआधी फिलर गेज लावा. क्लिअरन्स मॅन्युअलपेक्षा कमी असेल तर शिम बदलून बघा. पुन्हा थोड्याच तासांत कमी झाला, तर थर गेला असं धरा. तिसऱ्यांदा शिम बदलणं म्हणजे कस्टमरचे पैसे पाण्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेड खोललं की व्हॉल्व्हच्या तोंडावरून नख फिरवा. खाच लागली तर व्हॉल्व्ह बाद. खाच नाही, नुसता कार्बन आहे, तर सॉल्व्हंट आणि नायलॉनच्या ब्रशने साफ करा. तारेचा ब्रश नको.

खरी बचत कुठे आहे ते ऐका. सीआरएफ ४५० आरला इनटेक टायटॅनियमचे आणि एक्झॉस्ट स्टीलचे असतात, त्यामुळे चारही बदलायची गरज नसते. धूळ एअर फिल्टरमधून येते, म्हणून आधी मरतात ते इनटेकच. शर्यत जिंकायची नाही, रविवारी चालवायची आहे, अशा कस्टमरला स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह सुचवा. पण त्याच मापाचा स्टीलचा व्हॉल्व्ह जवळजवळ पावणेदोन पट जड असतो, म्हणून सोबत कडक स्प्रिंगचा किट घ्यायलाच हवा. जुन्या स्प्रिंगवर जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि पिस्टनला धडकू शकतो.

सीट कटिंगचे पैसे मात्र वाचवू नका. जुन्या खराब सीटवर नवा व्हॉल्व्ह टिकत नाही. तीन कोनांत कटिंग करणारं मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच हेड द्या, मशीन स्वतः घ्यायची घाई नको. परत आल्यावर बैठक तपासायला निळी मार्किंग शाई लावा, पेस्ट नाही. मग पोर्टमध्ये सॉल्व्हंट ओतून थेंब गळतो का बघा.

आता धंद्याचं. तपासणीची फी वेगळी लावा आणि आधीच सांगा. हेड खोलल्यावर फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, टायटॅनियम आणि स्टील असे दोन एस्टिमेट द्या, होकार लेखी घ्या. पार्ट बहुतेक वेळा बाहेरून मागवावे लागतात, म्हणून पार्टची पूर्ण रक्कम ॲडव्हान्स. "फक्त घासून द्या" म्हणणाऱ्याला हात जोडा. तो दुसरीकडे गेला तर जाऊ द्या.

काम झाल्यावर क्लिअरन्सचे आकडे तारखेसह कार्डवर लिहून कस्टमरला द्या आणि पहिल्या काही तासांनंतर परत तपासायला बोलवा. त्याच भेटीत एअर फिल्टर धुऊन तेल लावायचं काम मिळतं, त्याचे पैसे घ्या.